पेन्सिलकाकांचं हरवलेलं पान

माझ्या हस्तलिखितावरून तिघांचे हात फिरले. संपादकबाईंनी प्रकरणांची उलथापालथ केली, माझं बालपण उचलून थेट मधे नेऊन ठेवलं. मला राग आला, आणि त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. भाषा बघणाऱ्या ताईंनी माझी लाडकी विशेषणं तणासारखी उपटली. तिसरे, मुद्रितं तपासणारे पेन्सिलकाका.

ते मागच्या खोलीत बसत. भिंतीपलीकडे छपाईयंत्राची संथ घरघर, टेबलावर पिवळसर ऊन, ओळीखाली धरलेली पट्टी. तिथे गेलं की मला पेंग यायची, आपण कुठल्या साली आहोत तेही आठवेनासं व्हायचं. पुस्तकातल्या प्रत्येक माणसाच्या नावाची चिठ्ठी करून, तो ज्या ज्या पानावर येईल तो आकडा ते तिच्यावर टिपत. घरी जेवतानाही ते घरच्यांची नावं टिपून हजेरी घेतात, अशी कार्यालयात थट्टा चाले. मजकुराबद्दल मात्र चाळीस वर्षांत त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

सोमवारी पुस्तक छपाईला जायचं होतं. शनिवारी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. चेहरा उतरला होता.

"बाई, माझ्या हातून तुमचं एक पान गहाळ झालंय."

"कुठलं?"

त्यांनी 'आई' लिहिलेली चिठ्ठी पुढे सरकवली. "एकशे बारावर त्या सुईत दोरा ओवतायत. पुढे कुठेच नाहीत. दोन दिवस सगळी कपाटं उपसली. वर अजून कुणाला सांगितलं नाही."

हा म्हातारा माणूस स्वतःला बोल लावत धूळ उपसत होता, आणि ते पान मी कधी लिहिलंच नव्हतं. 'असेल हरवलं' म्हटलं असतं, तर सुटले असते. लाज वाटली.

"काका, हरवलं नाही. आई गेली तो दिवस मला लिहवत नाही."

ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं. मग त्यांनी रुमालाने समोरची खुर्ची पुसली आणि कोरा कागद ठेवला.

"बसा. छपाई थांबवायला मी सांगून येतो."

ते गेले. यंत्राची घरघर ऐकत मी किती वेळ बसले, कोण जाणे. मग लिहिलं: 'आईने आतून हाक मारली. "आलेच" मी म्हणाले, आणि हातातली ओळ पूर्ण करत बसले.'