बेरिंगमागची भाकर

शालिग्राम पाठमोरा माणूस होता. स्वभावाने नव्हे, धंद्याने. मोताळा तालुक्यातल्या एका धरणावर सरकारी मोटरबोट चालवायचं त्याचं काम. सुकाणूचं चाक पुढे, मधे इंजिन, उतारू मागे. सात वर्षांत उतारूंची तोंडं त्याने फारशी पाहिली नव्हती, पण कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीला चिखलीचं स्थळ आलंय, सगळं त्याला पाठीवाटे कळायचं. मधे तोंड घालायची त्याला सवय नव्हती आणि गरजही नव्हती. ऐकलं की पोट भरायचं.

पोट भरण्यासारखं दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतंच म्हणा. धरण बांधून झालं तशी कामगारांची वसाहत उठली. लोकांनी जाताना घरांची दारंखिडक्यासुद्धा काढून नेली. चाळीस खोल्यांत आता एकट्या शालिग्रामच्या खोलीला दार होतं. बायको पुष्पाबाई सहा वर्षांमागे गेली. मुलगी मेहकरला दिलेली, ती वर्षातून दोन पत्रं टाकायची. दोन्हींत मजकूर तोच असायचा, तरी हा दोन्ही पत्रं फाटेस्तोवर वाचायचा.

पलीकडच्या वाडीचा रस्ता पाण्याखाली गेला म्हणून सरकारने ही बोट दिलेली. भाडं नव्हतं. पण जनकाबाई नावाची एक म्हातारी फुकट बसायला तयार नव्हती. डोळ्यांत औषध घालायला रोज अलीकडे यायची आणि उतरताना इंजिनाच्या झाकणावर फडक्यात बांधलेली एक ज्वारीची भाकर ठेवायची. वर कांदा, कधी ठेचा. शालिग्रामला भात येत होता, पिठलं येत होतं. भाकर मात्र थापता येत नव्हती. थापायला गेला की नकाशाच व्हायचा. तेव्हा दुपारची ती भाकर म्हणजे त्याचं खरं जेवण.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष. थंडी सरता सरता एका सकाळी इंजिन किंचाळलं. शालिग्रामने गिअरबॉक्स सोडवली, क्लच काढला आणि आत पाहिलं. इंजिनाच्या जड चाकाच्या पोटात एक छोटी बेरिंग असते, गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक तिच्यात टेकलेलं असतं. ती गंजून जागच्या जागी आवळून बसली होती. वस्तू रुपयाएवढी आणि रुसवा जावयाएवढा. नवी बेरिंग डब्यात होती, पण जुनी निघाल्याशिवाय नवी बसणार कुठे? जुनीच्या मागे बंद खोबण, ओढून काढायच्या पुलरचा आकडा अडकवायला फट नाही.

खात्याचा मेकॅनिक आला, दोन ठोके मारले, हात पुसले आणि म्हणाला की अख्खं चाक बदलावं लागेल, आणि या डबड्यासाठी कोण मागवणार? पुढच्या सोमवारी साहेब येतील. बोट चालू दिसली तर ठीक, नाहीतर भंगारात जाईल आणि शालिग्रामला धरणाच्या फाटकावर चौकीदार नेमतील. एवढं सांगून तो जीपमधून गेला. त्या जीपचा आवाज पूर्ण विरेपर्यंत शालिग्राम काठावर उभा होता.

चौकीदारी वाईट नव्हती. पगार तोच. पण फाटकातून जाणारं होतं कोण? मागे बसून बोलणारी माणसं गेली तर आपण बोलणं ऐकणार कुणाचं?

सहा दिवस तो बोटीत वाकून बसला. छिन्नीने कोरलं, रॉकेल सोडलं, तापवलं. बेरिंग हलेना. मग त्याला उकंडराव आठवला. तरुणपणी मलकापूरच्या कापसाच्या जिनात शालिग्राम ज्याच्या हाताखाली शिकला, तो म्हातारा फिटर. अशा बेरिंगला ओढायचं नसतं, मागून ढकलायचं असतं, असं तो सांगे. बेरिंगच्या भोकातून मागच्या खोबणीत ग्रीस ठासून भरायचं, भोकात घट्ट बसेल असा दांडा घालायचा आणि वरून ठोकायचं. ग्रीसला पळायला वाट नसते, मग ते बेरिंगलाच बाहेर लोटतं.

शालिग्रामने एक दांडा कानशीने घासून भोकाच्या मापाचा केला, ग्रीस भरलं, हातोडा घातला. ग्रीस बेरिंगच्या गोळ्यांमधल्या फटींतून पिचकारीसारखं उडालं आणि त्याच्या मिशीवर बसलं. तीनदा भरलं, तीनदा तेच. चौथ्यांदा डबा खरवडताना उकंडरावचं पुढचं वाक्य आठवलं. त्या वेळी सगळे त्यावर हसले होते.

"ग्रीस पळून राह्यलं तं भाकर भर बे. भाकर फटीतून पळत नाई."

भाकर होती. बोट बंद पडली त्याच्या आदल्या दिवशीची, जनकाबाईची शेवटची. त्या दिवशी अर्धीच खाल्ली होती. उरलेली अर्धी त्याने खुंटीला टांगून ठेवली. खायची म्हणून नव्हे. आठ दिवसांत ती खापरीसारखी कडक झाली होती, तरी खोलीत आल्यावर ते फडकं दिसलं की बरं वाटायचं. ज्याच्या घरात रोज दुसऱ्या माणसाच्या हातचं ताटात पडतं, त्याला हे कळणार नाही, आणि त्याने हसूही नये.

शनिवारी सकाळी त्याने फडकं सोडलं. खाली सांडलेला तुकडासुद्धा डोळ्यांना लावून उचलणारा माणूस तो. अन्न यंत्राच्या घाणीत कोंबायचं म्हणजे हात धजेना. शेवटी भाकरीला हात जोडले, पाण्यात भिजवून कुस्करली आणि चिमटीचिमटीने खोबणीत ठासली. दांडा लावला. ठोका. पुन्हा भाकर, पुन्हा ठोका. पाचव्या खेपेला आवाज बदलला, भरीव लागला. आणि बेरिंग केसभर पुढे आली.

शालिग्रामने मागे वळून पाहिलं. सांगायला कुणी नव्हतं. मागची बाकं रिकामी होती.

शेवटची चिमूट उरली तेव्हा बेरिंग टुणकन त्याच्या मांडीवर पडली. मागोमाग काळपट भाकरीचा गोळा. तो त्याने कागदात घेऊन काठावरच्या बाभळीखाली नीट पुरला. नवी बेरिंग बसवून सगळं जोडेपर्यंत दुपार कलली. इंजिन पहिल्या हिसक्यात लागलं.

पलीकडे जाऊन त्याने नेहमीसारखा तीनदा भोंगा वाजवला. उतारावर कुणी आलं नाही. पुन्हा वाजवला. बऱ्याच वेळाने जनकाबाई एकटीच काठी टेकत आली.

वाडीचे लोक कुठे गेले, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं की बोट बंद पडली तसे चार जण तालुक्याला गेले आणि दुष्काळी कामावर झालेल्या वरच्या अंगाच्या रस्त्याने एसटी चालू करून घेतली. आता सगळे तिनेच जातात. थेट मोताळ्याच्या बाजारात उतरवते.

शालिग्रामने रिकाम्या उतारावर एकदा नजर टाकली. मग म्हणाला, "मंग तू काऊन नाई गेली येष्टीनं? डोयाचं औषध?"

"डोये तं दोन सालापासून बरे हायेत," जनकाबाई म्हणाली. "मले कुठं जायाचं होतं? घरी कोणी बोलाले नाई. बोटीत चार माणसं बोलतात, आपण आयकावं."

सात वर्षं ती त्याच्या पाठीमागे बसून तेच करत होती, जे तो पुढे बसून करत होता. आज भाकर आणली नाही, भोंगा अचानक वाजला, असं ती ओशाळून म्हणाली. तेव्हा त्याने खाली मान घालून कबूल केलं की तिची मागची अर्धी भाकर इंजिनात गेली आणि तिच्यावरच बोट चालू झाली. आता ही बोल लावणार, अशी त्याची खात्री होती. जनकाबाईने इंजिनाच्या झाकणाला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली.

"सोमवारी साहेब येऊन राह्यला न?" ती म्हणाली. "त्याले सांगजो, एका म्हातारीले रोज डोयाच्या दवाखान्यात जा लागते."

एका म्हातारीसाठी सरकार बोट ठेवत नाही, हे दोघांनाही कळत होतं. शालिग्रामने "हाव" म्हटलं आणि बोट सोडली. सरळ नेली तर वीस मिनिटांचं पाणी. त्याने धरणाला लांबचा वळसा घातला. मग सुकाणूच्या चाकाला दोरी बांधली आणि सात वर्षांत पहिल्यांदा मागे तोंड करून बसला.

"बोल," तो म्हणाला.