हिरामावशीचा बावटा

हिरामावशी येते आहे हे आमच्या माजिवड्याच्या सोसायटीला ती गल्लीत वळायच्या आधीच कळायचं. आधी खिडक्यांची तावदानं थरथरायची, मग तळमजल्यावरचा कुत्रा पलंगाखाली शिरायचा आणि मग फाटकातून मोटारसायकल आत यायची. तिच्यावर लाल लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेली, पन्नाशी उलटलेली कोळीण. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखालून डोकावणारी अबोलीची वेणी आणि मागे दोरीने करकचून बांधलेली मासळीची पाटी. आमचे सेक्रेटरी गॅलरीतून ओरडायचे, “मावशी, आवाज!” ती इंजिन बंद न करताच वर बघायची. “आवाज हाय म्हनून तर जिती आली मी! कोलंबी घेनार का नुसता ओरडनार?” सेक्रेटरी मुकाट्याने पिशवी घेऊन खाली उतरायचे.

गाडी तिच्या नवऱ्याची. तो गेल्यावर दिरांनी ती विकायला काढली, तेव्हा हिने चावी कमरेला खोचली आणि खाडीकाठच्या मोकळ्या जागेत पडत-झडत चालवायला शिकली. पहिल्याच वर्षी हायवेवर एका टेम्पोने तिला गटारात ढकललं. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “मावशी, तुम्ही दिसलाच नाहीत.” गुडघा फुटला होता, पण तिला लागलं ते हे वाक्य. “एवरी मोठी बाय, लाल लुगरा, मागं पाटी, आनि मी दिसली नाय?” ही गोष्ट सांगताना दर वेळी तिचा आवाज नव्याने चढायचा. त्याच आठवड्यात तिने गॅरेजवाल्याकडून सायलेन्सर आतून पोकळ करून घेतला. “डोलं नसतील मेल्यांना, कान तरी असतील!”

ही अक्कल तिने खाडीतून आणली होती. धुकं पडलं की तिचा बाप होडीत पत्र्याचा डबा बडवायचा, म्हणजे समोरून येणाऱ्या होडीला कळावं आणि टक्कर होऊ नये. लहानपणी कधी कधी ते काम हिच्याकडे असे. ठाण्याचा रस्ता म्हणजे तिच्या लेखी बारमाही धुकं होतं, आणि मोटारसायकलचा दणदणाट म्हणजे बापाचा डबा.

मला तिची हिंमत आवडायची आणि तो आवाज अजिबात सहन व्हायचा नाही. दोन्ही मी तिला तोंडावर सांगितलं होतं. मी बँकेत नोकरी करते, स्कूटरवरून जाते-येते, रस्ता मलाही ठाऊक आहे. “मावशी, तुझा आवाज मागे जातो गं, आणि गाड्या पुढून अंगावर येतात,” मी म्हणायचे. ती हसायची. “तू मुंगीवानी जातंस, बाय. चिरडली तरी कोनाला ठाव नाय होनार.”

शेवटी एका रविवारी आम्ही परीक्षाच घेतली. मी माझ्या नवऱ्याची कार काढली, काचा वर, एसी चालू, रेडिओ चालू, आणि सर्व्हिस रोडवरून सावकाश निघाले. ती मागून आली. मला कळलं तेव्हा तिची पाटी माझ्या खिडकीशी होती. आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचणारा आवाज, आणि ज्याला ऐकू जायला हवा त्याच्या कानात तो शिरत नव्हता. पुढे थांबून तिने विचारलं, “कवा आयकला?”

“शेजारी आलीस तेव्हा.”

“तुजं कान गेलंत. डॉक्टरला दाव.” आणि मुठीत होता नव्हता तेवढा जोर लावून ती निघून गेली. मी रागाने नुसती धुमसत राहिले.

ट्रॅफिकवाले तिला अडवायचे, पावती फाडायचे. ती त्यांनाही सोडत नसे. “त्या डंपरचा भोंगा तुमाला आयकू येत नाय? त्याला पकर आदी. बाय पकरायला सोपी परते, म्हनून उभी केली!” यात मात्र मी पूर्णपणे तिच्या बाजूची होते, आजही आहे.

मग एका सकाळी माजिवड्याच्या उतारावर मागून येणाऱ्या टँकरचे ब्रेक लागेनात. तो जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवत होता. रिक्षा स्टँडवरचे सगळे हात हलवून ओरडत होते, “मावशी, बाजूला हो!” सगळ्या नाक्याला ऐकू गेलं, फक्त हिला नाही. टँकरची कड पाटीला लागली, मावशी दुभाजकावर आपटली आणि खांद्याचं हाड मोडलं.

मी तिला भेटायला हॉस्पिटलात गेले ती चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच. पण तीच आधी बोलली.

“अख्खा स्टँड बोंबलत व्हता म्हनं. मना काय पन आयकू नाय आला.” मग तिने मान माझ्याकडे वळवली. “बापूस डबा वाजवायचा ना, बाय, मंग वल्हा उचलून गप बसायचा. समोरच्याचा डबा आयकायला. धुक्यात सगलेच आयकत बसलेले असतात. हितं ते काचा लावून बसलेत, आनि मी नुसती वाजवतच रायली.”

मी तिचा चांगला हात धरून बसले.

हाड जुळल्यावर मावशी पुन्हा रस्त्यावर आली, शांत सायलेन्सर लावून. नाक्यावरचा हवालदार खूश झाला. “पटला ना शेवटी कायदा?”

“कायदा नाय पटला. बापूस पटला.”

आवाज गेला म्हणून ती कडेने जायला लागली असं मात्र कुणी समजू नये. अंगात होडीवरचा पिवळाधमक रेनकोट, भर उन्हातसुद्धा. पाटीला उभी बांबूची काठी, आणि काठीला होडीवर लावतात तसला मोठा भगवा बावटा. गाडी चालवायची आपल्या लेनच्या मधोमध. हवालदार म्हणाला, काठी काढा. “नाय काढनार. आयकू नाय आली, आता दिसू दे.” तसलाच एक लहान बावटा तिने मला न विचारता माझ्या स्कूटरला बांधला. बँकेत सगळे हसले. मी दोनदा सोडला, तिने दोनदा पुन्हा बांधला.

गेल्या वर्षी हिरामावशी न्यूमोनियाने गेली. घरी, अंथरुणात, लेकी उशाशी असताना. तिची मला फार आठवण येते, आणि तिला कुठल्याही टेम्पोने, डंपरने, टँकरने नेलं नाही याचा अभिमानही वाटतो. ती दिसलीच नाही, असं तिच्या मागे कुणालाही म्हणता आलं नाही.

परवा सिग्नलला एक मोठी गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली. आतल्या माणसाने काच खाली केली, रेडिओ बारीक केला आणि विचारलं, “मॅडम, हा झेंडा कसला?”

“दिसला ना?” मी म्हटलं, आणि सिग्नल सुटल्यावर लेनच्या मधोमध निघाले.