रक्तातली चरबी

"तूच शिकवलंस त्याला!"

"मी? डॉक्टरला?"

"मग तुझाच शब्द त्याच्या तोंडी कसा आला? चरबी म्हणे!"

"अरे, रक्तातली! आधी कोलेस्टेरॉलच म्हणाले. तू 'म्हणजे काय' विचारलंस, म्हणून चरबी म्हणाले."

"तुझ्याकडे बघून म्हणाला."

ताईने इस्त्री उभी केली. धाकटा भाऊ दाराला टेकून तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होता. हा किल्लीवाला. एकेकाळी हट्टी कुलूप कानाशी धरायचा, दोन टिचक्या मारायचा, "बाईसाहेब रुसल्यात" म्हणायचा आणि गिऱ्हाईक हसतंय तोवर उघडून मोकळा. मग त्याला किल्ल्या घासाव्याशाच वाटेनात. झोप गेली, भूक गेली, दुकानाचं शटर खालीच राहिलं. ताई तेव्हा शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणायची, "अंगात चरबी चढलीय, दुसरं काय!" पुढे तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली. पण तो शब्द त्याच्या कानातून काही निघाला नाही.

आज डॉक्टर म्हणाले होते, दोन औषधं झाली, उदासी हटत नाही. काही रुग्णांत रक्तातली चरबी आणि औषधाचा गुण यांचा संबंध दिसतो, खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. तरी उद्या उपाशीपोटी रक्त तपासू, मग तिसरं औषध ठरवू.

"मंगळवारी तू एकटीच गेली होतीस तिथे," तो म्हणाला. "कंपाउंडर बोलून गेला."

"गेले होते. गोळ्या खरंच पोटात जातात का, ते कसं ओळखायचं, हे विचारायला."

"म्हणजे मी थुंकतो?"

"थुंकतोस?"

"गिळतो! किल्ली आत जाते, फिरत नाही. त्याला मी काय करू?"

"मग बघू दे ना रक्त. दोघांनाही कळेल."

"काय कळेल? मी आजारी आहे की माजलोय?"

"वेडा आहेस का," हे ताईच्या अगदी ओठांवर आलं. दवाखान्याची पायरी चढल्यापासून घरात हा शब्द तिने बंद केला होता. तिने तो गिळला, आणि त्या गप्प बसण्याचा त्याने आपला अर्थ लावला.

"बघ. अजून ठरत नाहीये तुझं."

"सकाळी येशील ना? मी सुट्टी टाकलीय. बाळ्या, येशील ना?"

त्याने चपला पायात सरकवल्या आणि दार उघडंच टाकून जिना उतरून गेला.