सदर व्यायाम करून घ्यावेत

समीक्षा उतेकरचं नाव ठेवताना तिच्या मास्तर वडिलांच्या मनात काय होतं देव जाणे. एम.पी.टी.ला, म्हणजे फिजिओथेरपीच्या मोठ्या पदवीला गेल्यावर तिच्या प्रबंधातलं पहिलंच प्रकरण, आधीच्या अभ्यासांची समीक्षा, गाईड मॅडमनी चार वेळा परत पाठवलं. तेव्हा तिनंच हॉस्टेलात जाहीर करून टाकलं, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!" स्वतःला असं हाणून घ्यायची तिला सवयच होती. दुसऱ्यानं हाणण्याआधी आपण हाणलं की कमी लागतं, हा तिचा अनुभव. पोलादपुरात कुणी विचारलं, "सुई टोचत नाय, औषध देत नाय, मग तू डॉक्टरीण कसली गो?" की ही म्हणायची, "मी माणसं वाकवते. मोडली की दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवते."

तर या बाईंच्या प्रबंधाला महाड-पोलादपूरच्या तीस बायका हव्या होत्या. गुडघे झिजलेल्या, पन्नाशीच्या वरच्या. त्यांनी घरी आठ आठवडे व्यायाम करायचा आणि हिनं आधी नि नंतर गुडघा किती वाकतो ते मोजायचं. एकोणतीस झाल्या होत्या. तिसावी बयाबाई, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली, वय सहासष्ट. तिचं मोजमाप झालं की प्रबंध जमा, आणि नाही झालं तर गेले सहा महिने. वडिलांना धीर कुठला? त्यांनी दिवाळीच्या पेढ्यांचं मिठाईवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

व्यायामाचा कागद समीक्षानं स्वतः मराठीत केला होता. महाडच्या ज्या दवाखान्यात ती सकाळी काम शिकायची, तिथल्या टेबलावर बसून दोन दिवस. शेवटची ओळ तर तिची फार लाडकी: 'सदर व्यायाम घरातील व्यक्तीकडून सकाळ-संध्याकाळ नियमित करून घ्यावेत.' घरच्या कुणीतरी लक्ष ठेवावं, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण 'सदर' लिहिल्यावर तिला आपण कलेक्टर झाल्यासारखं वाटलं.

आठ आठवड्यांनी ती वाडीवर चढून गेली तेव्हा बयाबाई पडवीत पाय पसरून बसली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोज कुंकवाची दोन बोटं, एक सकाळचं, एक संध्याकाळचं. गणपतीतसुद्धा खाडा नाही. समीक्षाला भरून आलं. तिनं पिशवीतून कोन मोजायची पट्टी काढली, गुडघ्याला लावली. अठ्ठ्याण्णव अंश. आठ आठवड्यांपूर्वी किती? अठ्ठ्याण्णव. तिनं तीनदा मोजलं, पट्टीला शिव्या घातल्या आणि म्हणाली, "आजी, माझ्यासमोर एकदा करून दाखवा बघू."

"त्यात काय!" म्हणत बयाबाईनं आत हाक मारली, "अगो नीला! भात ऱ्हाऊ दे, भायेर ये. डॉक्टरणीला व्यायाम करून दाखव."

नीला म्हणजे बयाबाईची सून. ओले हात पदराला पुसत आली, चटई पसरून उताणी झाली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेतली, दाबली, दहा आकडे मोजून सोडली. असा चोख व्यायाम समीक्षाच्या वर्गात कुणाला जमत नव्हता, समीक्षाला तर नाहीच.

"माझ्या नावानं करते," बयाबाई कौतुकानं म्हणाली. "मी हितं बसून मोजते. येक दिस चुकली नाय."

"अहो आजी, पण गुडघा तुमचा ना!"

"मंग? नवस सासूनं बोलला नि सुनंनं फेडला, तर देव काय नको म्हन्तो? आनी तुझा कागुद काय सांगतो? वाच गो नीला."

नीलानं खाली मान घालून वाचलं, "घरातील व्यक्तीकडून करून घ्यावेत."

"घेतलं की मी करून!" बयाबाई म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. समीक्षा पट्टी पिशवीत टाकून वाडी उतरली. पोलादपूरहून महाडच्या एसटीत बसली आणि गाडी सुटता सुटता ताडकन उभी राहिली. हाच कागद आणखी एकोणतीस घरांत गेला होता!

दुसऱ्या दिवशी तिनं एकेक फोन लावला. अकरा घरांत व्यायाम सुनांनी केले होते. दासगावच्या एका घरी तर नवऱ्यानं. तो आता खुर्चीतून हात न टेकता उठत होता आणि त्यानं डॉक्टरणीला आशीर्वाद कळवले होते.

गप्प बसता आलं असतं. कागदोपत्री सगळं भरलेलं होतं, बायकांचे अंगठे होते, सह्या होत्या. दोन दिवस ती तसाच विचार करत होती, खोटं कशाला बोला. पण तसंच जमा केलं असतं तर व्यायामाचा काही उपयोग होत नाही असं तिच्या सहीनं छापून आलं असतं, आणि ते वाचून उद्या कुणीतरी बयाबाईसारखीला म्हणालं असतं, बसा तशाच. तिनं मॅडमना सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उतेकर," त्या म्हणाल्या, "गुडघ्यांचं नंतर बघू. आधी तुमचं मराठी सुधारा." सहा महिने गेले. वडिलांनी पेढे नको म्हणून सांगितलं आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. समीक्षा रडली. विनोद बिनोद काही सुचला नाही, सरळ रडली.

मग नवा कागद केला. 'सदर'ला हाकललं. 'ज्याचा गुडघा त्यानंच वाकवायचा. सुनेचा वाकवून सासूचा बरा होत नाही.' तो घेऊन ती पुन्हा वाडीवर गेली. बयाबाई पानाचा डबा आणायला आत गेली तशी नीला जवळ सरकली.

"ताई, रागावू नका. मला पयल्याच दिशी कळलं व्हतं. धावी पास हाय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"सकाळी वीस मिन्टं, सांजेला वीस मिन्टं. उताणी पडायला गावायचं. कोन हाक मारायला आलं तर आयच हाकलायची, माझा व्यायाम चाललाय म्हनून." नीला हसली. "चार वर्सं कंबर धरलेली व्हती ताई. सुटली."

काखेत कळसा नि गावाला वळसा! दुखणाऱ्या बायका शोधत समीक्षा दोन तालुके फिरली, आणि दरवेळी हिच्या हातचा चहा पिऊन वर साखर जास्त झाली म्हणाली. तुमचं काही दुखतं का, हे विचारलं नाही. नीला त्रेचाळीसची. फॉर्मात पन्नाशीच्या वरच्याच होत्या.

तिनं पेन काढलं, कागदाच्या तळाशी दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही ठोकली.

बयाबाई पान चावत डबा घेऊन बाहेर आली. "काय लिवलंय? वाच गो."

नीलानं सगळा कागद मोठ्यानं वाचला. ज्याचा गुडघा, सुनेचा, सासूचा, सगळं. मग खालच्या ओळी. "सुनेनंही रोज दोनदा व्यायाम करावा. तेवढ्या वेळात तिला कुणी हाक मारू नये."

बयाबाईनं पान चावायचं थांबवलं. "आसं लिवलंय?"

"सही हाय, आय," नीला म्हणाली, आणि शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचली.