हरिपूरचं पेव आणि माझं बी.कॉम.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील पलटणीतून पेन्शनीवर आलेले, थोरला भाऊ अजून पलटणीत. मी बी.कॉम. झालो तेव्हा लोणंदजवळच्या आमच्या गावात एका चुलत्यानं विचारलं, "म्हंजी काय रं? डाक्टर?"

"नाही, हिशेबाचं शिक्षण."

"हिशेबाला कालेज लागतंय व्हय?" आणि तो इतका हसला की तंबाखू थुंकायला उठावं लागलं त्याला. मला राग आला. खरं सांगायचं तर आजही थोडा येतो. सातारला खोलीवर स्वतः भाकरी थापून मिळवलेली पदवी होती ती.

सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात काम मिळालं. शेठ म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर कायम, नाहीतर तू तुझा मोकळा." घरी मी फक्त नोकरी लागल्याचं कळवलं. वडिलांनी गावभर पेढे वाटले. आता कायम होण्यावाचून इलाज नव्हता.

दुकानात म्हातारे दिवाणजी मांडी घालून वह्या लिहायचे. शिक्षण चौथी, पण त्यांची बेरीज माझ्याआधी तयार. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "अहो बी.कॉम., जरा शाई सरकवा इकडं."

दिवाळी जवळ आली तसा शिल्लक मालाचा मेळ घालायचं काम निघालं. शेठची बरीचशी हळद सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत होती. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत रांजणासारखा फुगलेला. त्यात हळद ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं माल टिकतो. मी मात्र कॉलेजात शिकलो होतो की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माल धरायचा नाही.

"पेवातला माल बघितल्याशिवाय मी आकडा मांडणार नाही," मी म्हटलं.

दिवाणजींनी चष्मा कपाळावर सारला. "एकदा उघडलं की सगळं रिकामं करावं लागतं, बी.कॉम. वारं लागलं की किडा पडतो. आणि भाव आत्ता उतरलाय."

"मग आत किती आहे ते कशावरून?"

"भरताना मी तिथं उभा होतो, त्यावरून."

शेठ ऐकत होते. म्हणाले, "एक उघडा. बघू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी हमालांनी माती उकरली, तोंडावरचा दगड सरकवला. आतून उबट वास आला. सगळे माझ्याकडं बघत होते. मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, दोर धरला आणि एक पाय आत सोडला. तेवढ्यात मागून कुणीतरी माझी कॉलर अशी आवळली की श्वास कोंडला.

हमालांतला सगळ्यात म्हातारा होता तो. "आवं सायेब, मरायचं हाय व्हय?"

"सोडा. मला माल बघायचाय."

"बगा की. चित्रगुप्ताच्या हापिसात लय वह्या हायत, थितं बसून बगा."

बाकीचे खदाखदा हसले. म्हाताऱ्यानं पेटता कंदील दोराला बांधून आत सोडला. हात-दीड हात खाली गेला असेल, ज्योत विझली. हसणं थांबलं.

"उघडलं की लगीच आत जायाचं न्हाई," तो म्हणाला. "वारं खेळू द्यायचं. कंदील तगला तरच मानूस उतरतंय. माझा मेव्हणा असाच गेला."

मी बाभळीखाली जाऊन बसलो. दुपारी कंदील तगला, मग हमालांबरोबर मीही उतरलो. सगळी हळद पोत्यांत भरून काट्यावर चढवली. दिवाणजींचा आकडा बरोबर निघाला.

परतताना म्हातारा इतरांना म्हणाला, "शेठला काय बोलू नगा रं. पोरगं नवं हाय."

दुकानात शेठनी विचारलं, "नीट झालं का सगळं?"

"व्हय जी," म्हातारा म्हणाला. "वारं खेळंस्तवर सायेब बाभळीखाली बसलं हुतं."

गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. पण ज्यानं मला ओढून काढलं त्याचंच काम झाकून मी कायम व्हायचं, हे मनाला पटेना. सगळं सांगून टाकलं. कंदील, कॉलर, सगळं. आणि वर म्हटलं, "माल बरोबर होता. पडत्या भावात विकायची वेळ माझ्यामुळं आली."

शेठ दिवाणजींकडं वळले. "काय करायचं याचं?"

मला वाटलं, संपलं.

"ठेवा," दिवाणजी वहीतून मान वर न करता म्हणाले. "आपली चूक आपण होऊन सांगणारा कारकून मला इतक्या वर्षांत भेटला नव्हता. पण येत्या हंगामात त्याला हमालांबरोबर धाडा. लिहिणं दुपारनंतर."

पुढं मी मोठ्या कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या, खुर्च्या मिळाल्या. पदवीचा अभिमान आहेच, का नसावा? पण त्या तिघांचे उपकार मी त्याहून वर धरतो.

दिवाळीनंतरच्या त्या हंगामाच्या पहिल्या सकाळी मी पेवावर गेलो तेव्हा म्हाताऱ्यानं हळकुंडांची मूठ माझ्या हातावर ठेवली. "मामा, हे काय करू?" मी विचारलं.

"मोडून बगा. कट्ट वाजलं तर वाळलंय. न्हाई वाजलं तर पेवात टाकायचं न्हाई, शेठ म्हनला तरीबी."

मी एकेक हळकुंड मोडत बसलो. दुपारी दुकानात गेलो ते पिवळ्या बोटांनी.