हलत्या खुर्च्यांचा सिनेमा

आमच्या शेजारचे तांडेलकाका जलमभर होडी हाकलेले, घरातपन असं वरडून बोलतात, जसा काय मधी दर्याचा वारा हाय. मला त्यांची भीतीच वाटायची. आमी दर्याकाठच्या नवापूरची मानसं मुंबई बघायला गेलो, तवा हलत्या खुर्च्यांच्या सिनेमात ते माज्या बाजूलाच बसले. पडद्यावरची गाडी कड्यावरून खाली गेली, खुर्ची कलली, मी घाबरून दोनी हात डोल्यांवर ठेवले आन् मांडीवरची माजी पोर सुटली! काकांनी तिला एका हातानं पकडली आन् वरडले, "उजवीकडं झुका रे सगली, होडी कलतेय!" आमचं अख्खं गाव झुकलं. बाकीची मानसं हसत सुटली. भायेर आल्यावर मी काकांच्या हातातून पोरीला घ्यायला गेले, तर काका पयल्यांदाच बारीक आवाजात बोलले, "थांब गो बाय, माजी बोटं सुटत नायत."