पाठमोरे फोटो

लोखंडेबाई मुलांचे फोटो पाठीमागून काढायच्या. वर्गात प्रयोग चालू असला की मोबाइल घेऊन शेवटच्या बाकामागे उभ्या राहायच्या. फोटोत वेण्या, कॉलरी, फार तर भिंग धरलेला एखादा हात. तळवड्याच्या आमच्या शाळेचं फेसबुक पेज त्याच सांभाळायच्या. मी तिथे गणित शिकवायचो. मला वाटलं, बाईंना फोटो काढता येत नाहीत. तसं म्हटलं, तर त्या हसल्या. बाई लातूरकडच्या. म्हणाल्या, "सर, लेकराचं तोंड लेकराचं असतंय. शाळेनं आपलं काम दाखवावं."

आमचे बहुतेक पालक चाकणच्या कंपन्यांत. पालकसभेला कोण येणार? म्हणून बाई त्या दिवशी काय शिकवलं ते स्वतःच्या आवाजात सांगून पेजवर टाकायच्या. वाचता न येणाऱ्या आया कंपनीच्या बसमध्ये मोबाइल कानाला लावून ते ऐकायच्या. त्या आवाजाच्या ओळखीनं कितीतरी बायका प्रवेशाची चौकशी करायला आल्या. "शाळेच्या दारात यायचं भ्या वाटतंय त्यांना," बाई म्हणायच्या, "आधी आपण त्यांच्या घरात जावं."

अशीच एक आई वैशालीला घेऊन आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती परभणीकडून पळून आली होती आणि चाकणला पॅकिंगच्या कामाला लागली होती. हे तिनं फक्त बाईंना सांगितलं. वैशाली कुजबुजल्यासारखी बोलायची. बाई तिला रोज वर्गापुढे उभं करायच्या. "आणखी थोडं मोठ्यानं. मागच्या भिंतीला ऐकू जाऊ दे." सातवीत असताना स्नेहसंमेलनात ती पोरगी आईच्या कामाबद्दल असं काही बोलली, की सभागृह चिडीचूप झालं.

संस्थेचे अध्यक्ष आबा जुन्या गावातले. ते एकदा बाईंना म्हणाले, "म्याडम, पेजवर नुसत्या पाठीच दिसत्यात. आमी शाळा चालवतोय का लपवतोय?" बाईंनी परोपरीनं समजावलं, पण पेज आबांच्या पुतण्याकडे गेलं. त्यानं वैशालीच्या भाषणाची रील टाकली. तिचा चेहरा, नाव, शाळेचा पत्ता, सगळं त्यात होतं.

बाई धावत ऑफिसात गेल्या. "आत्ताच्या आत्ता काढा ती."

"मॅडम, किती भारी चाललीय! ॲडमिशनचे फोन यायला लागलेत."

नाइलाजानं बाईंनी आबांना सगळी हकिकत सांगितली. आबांचा चेहरा उतरला. "व्हय? मंग काढ रं आधी!" रील निघाली. पण तोवर ती पालकांच्या ग्रुपवरून कुठल्या कुठे पोचली होती.

काही दिवसांनी मधल्या सुट्टीत वैशालीचा बाप आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. वॉचमनला त्यानं आधार कार्ड दाखवलं. बाई जिना उतरून येईपर्यंत तो मुलीला मोटरसायकलवर बसवून निघूनही गेला होता.

आई कंपनीतून तशीच आली, डोक्यावरची टोपीही काढली नव्हती. पोलीस चौकीत म्हणाले, "बापच आहे ना? घरचा मामला आहे, घरात मिटवा."

"मला जावं लागंल, बाई," ती म्हणाली.

"जाऊ नका. आपण वकील बघू."

"तवर तिला तिथं कोण हाय?"

मिळेल त्या एसटीनं ती गेली. त्यानंतर तिचा फोन लागला नाही. बाई एकदा त्या गावी जाऊन आल्या. त्यांना दारातूनच परत पाठवलं. आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आई दिसली. बोलली नाही. पोरगी दिसलीच नाही."

वर्ष संपताना बाईंनी राजीनामा दिला. मी त्यांना गाडीत बसवून द्यायला गेलो होतो. गावाकडच्या शाळेत शिकवणार ना, असं विचारलं.

"शिकवीन की. पोटासाठी शिकवावंच लागंल," त्या म्हणाल्या. "पण सर, कोण्या लेकराला आता 'मोठ्यानं बोल' म्हणायला माझी जीभ उचलंना."

गाडी हलली. खिडकीतून त्यांनी हात केला नाही.